बर्फ बघायला कुठल्या महिन्यात जावं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. श्रोत्या मैत्रिणींच्या आग्रहावरून छापत आहोत.)



दर आठवड्याला तुमचे प्रश्न येतात. शेळी चारा खात नाही, गटाचं व्याज कसं मोडायचं, पोरीच्या शाळेचा दाखला अडवलाय. या वेळचा प्रश्न मात्र ऐकून आम्ही सगळ्या जणी एकमेकींकडं बघतच राहिलो. माण तालुक्यातल्या एका वाडीवरून मावशींनी आवाज भरून पाठवला होता. त्यांचेच शब्द सांगते.

"पोरगी अमेरिकेत असती, सिअ‍ॅटलला. ती म्हणती, आई, तुला मोठ्या जहाजातनं अलास्का दाखवते. तिकडं बर्फाचं डोंगर हायती म्हणं. भावकी म्हणती, ह्या वयात थंडीत मरायला कशाला जाती? पोरगी म्हणती जुलैत ये. सून म्हणती जुलैत भांगलण असती. जायचं का न्हाई ते माझं मी ठरीवलंय. कवा जायचं, एवढं तुमी सांगा."

मावशींचं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. त्या जायला विचारत नाहीत, महिना विचारतात. म्हणून आज महिन्याबद्दलच बोलू.

आधीच सांगते, मी स्वतः अलास्काला गेलेले नाही. जाऊन आलेल्यांना विचारलं, तिथल्या पावसापाण्याचे आकडे बघितले, आणि आपल्या शेतीच्या हिशोबात ते बसवून बघितले. तुमच्यापैकी कुणाला लगेच जायचं नसलं तरी ऐका. हंगाम ओळखणं आपल्याला नवीन नाही. कुठलं पीक कुठल्या नक्षत्रावर, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. प्रवासाचंही तसंच असतं.

थंड मुलखाचा हंगाम कुठला?

पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या मोठ्या जहाजाला क्रूझ म्हणतात. झोपायची खोली, जेवण, दवाखाना, सगळं जहाजावरच. रात्री जहाज चालतं, सकाळी एखाद्या बंदराला लागतं. लोक उतरतात, गाव बघतात, संध्याकाळी परत चढतात. थंड मुलखात अशी जहाजं मुख्यतः तीन बाजूंना जातात, आणि तिन्हींचे हंगाम वेगळे आहेत.

पहिली बाजू नॉर्वे देशाची. तिथं बर्गन ते किर्केनेस अशी किनाऱ्याकिनाऱ्यानं बोट जाते, आणि ही किनाऱ्यावरची बोटसेवा १८९३ सालापासून चालू आहे. वाटेत ३४ बंदरं घेते, माणसं नेते, मालही नेते. आपल्या एसटीसारखीच, फक्त पाण्यावरची. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळं तिथला किनारा गोठत नाही, म्हणून ती बारा महिने चालते. पण महिना बदलला की देश बदलतो. त्या वाटेवर ट्रोम्सो नावाचं शहर आहे. तिथं मेच्या २० तारखेच्या सुमारापासून जुलैच्या २० तारखेच्या पुढंपर्यंत सूर्य मावळतच नाही. उलट नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. आभाळात हिरव्या उजेडाच्या लाटा दिसतात, तो ध्रुवप्रकाश बघायचा तर काळोख लागतो, म्हणजे सप्टेंबर ते मार्च. उन्हाळ्यात गेलात तर ध्रुवप्रकाश नाही.

दुसरी बाजू अंटार्क्टिका, पृथ्वीच्या अगदी खालचं टोक. तिथले ऋतू आपल्या उलट. आपल्याकडं थंडी, तेव्हा तिथं उन्हाळा. म्हणून तिथली जहाजं नोव्हेंबर ते मार्च एवढीच. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिथं पोचली. पण तिथला समुद्र फार खवळलेला असतो आणि खर्चही फार. पहिल्या सफरीला मी ते सुचवणार नाही.

तिसरी बाजू अलास्का, मावशींची. हे अमेरिकेचं राज्य, पण कॅनडाच्याही पलीकडं. मोठी जहाजं सिअ‍ॅटल किंवा कॅनडातल्या व्हँकूव्हरहून निघतात आणि बहुतेक सफरी सात दिवसांच्या असतात. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. म्हणजे बघा, आपला खरीप आणि अलास्काचा हंगाम एकमेकांवर पडतात. मावशींची खरी अडचण हीच आहे.

महिन्यामहिन्याचा हिशोब

अलास्काच्या या भागात लोक थंडीला घाबरून जातात आणि पावसात भिजून येतात. केचिकन नावाचं बंदर आहे. तिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाएवढा. पण कोकणात तो चार महिन्यांत कोसळतो, तिथं वर्षभर झिमझिमत राहतो. तिथले लोक थट्टेनं त्याला 'पातळ ऊन' म्हणतात.

मे महिना. इथल्या सगळ्यांत कोरड्या दिवसांपैकी हे दिवस. जुनो हे अलास्काच्या राजधानीचं गाव. बाहेरून तिथं गाडीरस्ता जातच नाही, बोटीनं नाहीतर विमानानं जावं लागतं. तिथं मे महिन्यात साधारण ८५ मिलिमीटर पाऊस पडतो. दुपारी पारा १३-१४ अंशांवर जातो, पहाटे ५ वर येतो. दिवस १६-१७ तासांचा. डोंगरांवर हिवाळ्याचा बर्फ अजून असतो, त्यामुळं डोळ्यांना पांढरं भरपूर दिसतं. गर्दी कमी, भाडं कमी. उणं काय? उंचावरच्या पायवाटा अजून बर्फात असतात. अरुंद खाड्यांत तरंगता बर्फ जास्त असला तर जहाजाला आतपर्यंत जाता येत नाही. आणि सॅल्मन मासे व त्यांच्यामागं येणारी अस्वलं अजून ओढ्यावर आलेली नसतात.

जून. पाऊस मेपेक्षा थोडा जास्त, ऊब वाढलेली, दुपारी १७ अंशांपर्यंत. दिवस १८ तासांचा. रात्री दहाला सूर्य मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. ज्यांना झोपेची अडचण आहे त्यांनी डोळ्यांवर पट्टी न्यावी. देवमासे भरपूर दिसतात.

देवमाशांचं थोडं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. हंपबॅक जातीचे हे देवमासे हिवाळ्यात हवाई बेटांच्या उबदार पाण्यात जातात. माद्या तिथंच बाळंत होतात. पण त्या पाण्यात त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही. आई स्वतः उपाशी राहून अंगावरच्या चरबीवर पिल्लाला पाजते, आणि मग त्याला सोबत घेऊन साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास पोहत अलास्काला येते. तिथं उन्हाळाभर पोट भरून खाते. एप्रिलपासून ते यायला लागतात, जून ते ऑगस्ट सगळ्यांत जास्त.

जुलै. सगळ्यांत उबदार, तरी दुपारी १८ अंशच. तिथल्या शाळांना सुट्टी, म्हणून गर्दीही सगळ्यांत जास्त आणि भाडंही. स्कॅगवे नावाचं बंदर आहे, बाराशेच्या आसपास वस्तीचं. एखाद्या दिवशी तिथं दहा हजारांवर पाहुणे उतरतात. आपल्या वाडीच्या जत्रेत काय होतं ते आठवा. जुलैतच सॅल्मन समुद्रातून उलटे वर चढायला लागतात. ज्या ओढ्यात जन्मले त्याच ओढ्यात येऊन अंडी घालतात आणि तिथंच मरतात. अस्वलं त्यांची वाट बघत काठाला उभी असतात.

ऑगस्ट. मासे आणि अस्वलं जोरात. पण पाऊस वाढतो, जूनच्या दीडपटीवर जातो.

सप्टेंबर. भाडं पुन्हा उतरतं, झाडं पिवळी पडतात, दुकानदार हंगाम आवरताना माल स्वस्त लावतात. रात्री अंधार होतो, त्यामुळं आभाळ निरभ्र मिळालं तर ध्रुवप्रकाश दिसूही शकतो. पण आभाळ निरभ्र मिळणं अवघड. मे महिन्याच्या दुपटीहून जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, वारं सुटतं, उघड्या समुद्रात जहाज हलतं.

तर सगळ्यात चांगला महिना कुठला? मैत्रिणींनो, तसा एकही नाही. बाजरीला चांगला तो पाऊस कापसाला चांगला असेलच असं नाही. आधी पीक ठरवायचं, मग महिना.

मावशींना विचारलेला प्रश्न

म्हणून मी मावशींना फोन केला आणि विचारलं, "तिथं जाऊन तुम्हाला काय बघायचंय?"

त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आसं कुणी इचारलंच न्हाई." आणि मग म्हणाल्या, "बाई, आमच्यात उन्हाळ्यात टँकर येतो. दोन हंडं पाण्यासाठी आमी रात्र रात्र जागलोय. तिकडं पाणी गोठून डोंगराएवढं हुतं म्हणत्यात. त्येवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय. मासं-अस्वलं न्हाई दिसली तरी चालंल."

झालं, निम्मं उत्तर तिथंच मिळालं. मावशींना हिमनदी बघायची आहे. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ दाबून दाबून घट्ट होतो आणि डोंगरावरून अगदी सावकाश खाली सरकत राहतो, ती हिमनदी. तिचं टोक समुद्रात पोचतं तिथं बर्फाचे कडे तुटून पाण्यात पडतात, आणि तोफेसारखा आवाज होतो. हे बघायला सॅल्मनची वाट बघावी लागत नाही. हिमनदी हंगामभर तिथंच असते.

मग मी आणखी तीन गोष्टी विचारल्या.

दुसरा प्रश्न, शरीर काय म्हणतं? मावशींचे गुडघे दुखतात. म्हणजे डोंगरवाटा चढायच्या नाहीतच. त्या वाटा मेमध्ये बर्फात असल्या तरी मावशींचं काही जात नाही. हिमनदी जहाजाच्या सज्ज्यावरून, खुर्चीत बसून दिसते. स्कॅगवेला १९०० साली पुरी झालेली छोट्या रुळांची आगगाडी आहे, आपल्या माथेरानच्या गाडीची मोठी बहीणच म्हणा. ती डोंगरावर बसल्याबसल्या नेते.

तिसरा प्रश्न, घरचं काम काय म्हणतं? जूनमध्ये पेरणी, जुलैत भांगलण, ऑगस्टमध्ये थोडी उसंत, सप्टेंबरच्या मध्यापासून रब्बी ज्वारीची पेरणी. मे महिन्यात रानं मोकळी. म्हणजे मावशींपुढं दोनच फटी आहेत, मे किंवा ऑगस्ट. ऑगस्टमध्ये पाऊस आणि गर्दीचं भाडं. मेमध्ये कोरडं आणि स्वस्त.

चौथा प्रश्न, सोबत कोण? लेक जुलै म्हणत होती ती पोरांच्या सुट्टीसाठी. मावशींनी तिला सांगितलं, "पोरं जावयाकडं ठेव. आपुन दोघीच जाऊ." लग्न झाल्यापासून मायलेकी आठ दिवस दोघीच अशा कधी राहिल्याच नव्हत्या. लेक लगेच हो म्हणाली.

तर मावशींचं ठरलं, मे महिन्याचा तिसरा आठवडा. मृगाच्या आत त्या घरी.

ज्या मैत्रिणीला अस्वलं आणि मासे बघायचे आहेत तिचं उत्तर जुलै-ऑगस्ट येईल. जिला देवमासे आणि मोठा दिवस हवा तिचं जून. जिला ध्रुवप्रकाशच हवा तिनं अलास्काचं जहाज धरूच नये, हिवाळ्यातली नॉर्वेची बोट बघावी.

ठरवताना बघायच्या गोष्टी

जहाज निवडताना वाट विचारा. बेटांच्या आडोशानं जाणारी आणि निघाल्या बंदरालाच परत येणारी सफर पहिल्या खेपेला बरी. उघड्या आखातातून आणखी वर जाणाऱ्या सफरीत जहाज जास्त हलतं. मळमळीचा त्रास असेल तर खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथं हेलकावा कमी लागतो.

हिमनदीसाठी जाताय तर सफरीत हिमनदीचा दिवस नक्की आहे का, ते लेखी बघा. ग्लेशियर बे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना आत सोडतात, त्यामुळं प्रत्येक जहाज तिथं जातंच असं नाही.

व्हिसाला सगळ्यांत आधी लागा. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण जहाज मध्ये कॅनडाला लागतं. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच येणारं जहाजसुद्धा वाटेत कॅनडातलं एखादं बंदर घेतं. परदेशात नोंदलेल्या जहाजांना अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका जुन्या कायद्यामुळं तसं करावं लागतं. म्हणून भारतीय पासपोर्टवर कॅनडाचाही व्हिसा काढून ठेवा. मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन् महिने लागू शकतात. पुढच्या मेमध्ये जायचं तर या मेमध्ये कामाला लागा.

कपड्यांचं सोपं आहे. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ थर जास्त न्या. अंगाला चिकटणारी गरम बनियन आणि लेगिंग, त्यावर लोकरी स्वेटर, सगळ्यांत वर पाणी न शिरणारं जाकीट. साडीच नेसायची तर आतून गरम लेगिंग घाला, वर जाकीट चढवा, काही अडत नाही. कानटोपी, हातमोजे, लोकरी पायमोजे आणि न घसरणारे बूट. छत्री वाऱ्यात उलटी होते, तिच्यावर विसंबू नका. जहाजाच्या आत ऊब असते. गार लागतं ते सज्ज्यावर.

मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो आणि तिथं पाचावर. शरीराला हा झटका एकदम देऊ नका. जहाजावर चढायच्या आधी आठवडाभर लेकीकडं राहा. सिअ‍ॅटलचा गारवा मधला आहे, तिथं अंग सरावतं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पुऱ्या दिवसांच्या आणि वर पंधरा दिवसांच्या जास्त घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. प्रवासाचा आरोग्य विमा काढल्याशिवाय पाऊल टाकू नका, कारण जहाजावरचा दवाखाना फार महाग पडतो.

जेवण शाकाहारी हवं तर तिकीट काढतानाच सांगा. जहाजावर काम करणाऱ्यांत गोव्याची, मुंबईची पोरं बरीच असतात. कुणी वाढताना मराठीत बोललं तर दचकू नका.

आणि पैसा. ही सफर स्वस्त नाही. तिकिटावर जी किंमत असते तिच्यावर रोजची बक्षिसी, किनाऱ्यावरच्या सहली, विमा, व्हिसा, विमानभाडं असं बरंच चढतं. सगळं मिळून आकडा मांडा आणि मगच हो म्हणा. लेक-लेकानं मनापासून नेलं तर जा, स्वतःची साठवण असेल तर जा. पण यासाठी गटातून कर्ज काढू नका आणि दागिना गहाण टाकू नका. फिरून आल्यावर हप्त्यांची थंडी वाजली तर बघितलेल्या बर्फाचं सुख राहत नाही.

तिथल्या बायकांचंही थोडं

त्या किनाऱ्यावर टलिंगिट नावाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं मानलं जातं. सॅल्मन आला की मासे चिरून, धुरावर वाळवून हिवाळ्याची बेगमी करायची त्यांची जुनी रीत आहे. आपण उन्हाळ्यात वाळवणं घालतो तशीच. त्यांच्या बायका डोंगरी बकरीची लोकर आणि झाडाची साल मिळून सुंदर पांघरुणं विणत आल्या आहेत. बंदरावर उतरलात तर त्यांच्या हातची वस्तू बघा, त्यांच्या तोंडून त्यांची गोष्ट ऐका.

ते लोक सांगतील की बर्फ मागं हटतोय. ग्लेशियर बेमध्ये १७९४ साली इंग्रज दर्यावर्दी पोचले तेव्हा ती सारी खाडी बर्फानं भरलेली होती. १८७९ पर्यंत बर्फ साठ किलोमीटरहून जास्त मागं गेला. तेव्हाचं हटणं बरंचसं निसर्गाच्या जुन्या चक्रातलं. आता मात्र पृथ्वी तापल्यामुळं अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या झपाट्यानं आटतायत. जुनोजवळची मेंडेनहॉल हिमनदी पूर्वी गावाकडच्या केंद्रापासून जवळ दिसायची, ती दूर दूर जात चाललीय. पाणी हटत गेल्यावर काय होतं, हे माणच्या बाईला कुणी समजवायला नको.

जाता जाता एक काम देते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं सांगायचं, आयुष्यात एकदा कुठं जावंसं वाटतं आणि तिथं काय बघायचंय. पंढरी असेल, कोकणातला समुद्र असेल, नातवाचं वसतिगृह असेल. जागा कुठलीही चालेल. मग चार प्रश्न विचारायचे: काय बघायचंय, शरीर काय म्हणतं, रान काय म्हणतं, सोबत कोण. महिना आपोआप निघेल.

मावशींनी फोन ठेवताना विचारलं, "त्या बर्फाचं पाणी प्यायला गोड असतं का वो?"

मी म्हणाले, गोडंच असतं, मावशी. पावसाचंच पाणी ते, थांबून राहिलेलं. तुम्ही बघून या आणि मग या माइकवर तुम्हीच सांगा.